मानववंशशास्त्र शिकायचंय पण चित्रं सोडायची नाहीत, सीमा आणि स्थलांतर या विषयावर दोन्ही सोबत जमेल का?

लेंडीकाठची (देगलूर, सध्या संभाजीनगर)

नमस्कार मंडळी,
मी देगलूर तालुक्यातली, बीएफए पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढं काय करणार हा विषय घरी रोज निघायलाय आणि माझं उत्तर कुणाच्याच गळी उतरत नाहीये म्हणून इथं विचारतेय.

मला एमए करायचंय ते मानववंशशास्त्रात, पण ब्रश खाली ठेवायचा नाही. विषय डोक्यात पक्का आहे, सीमा आणि स्थलांतर. आमचं गाव तेलंगणाच्या हद्दीला लागून, आईचं माहेर बिचकुंद्याकडं म्हणजे आताच्या कामारेड्डी जिल्ह्यात. मामा घरात मराठी बोलतो, त्याची पोरं तेलुगू शाळेत शिकली, आजीच्या तोंडात तर मराठी, तेलुगू, दखनी सगळं एकाच वाक्यात येतं. आमच्या आळीतली तरणी माणसं निम्मीअधिक हैदराबाद नाहीतर निजामाबादला, कुणी सेंट्रिंगला कुणी मिस्त्रीच्या हाताखाली. सणाला येतात, लग्नाला येतात, परत जातात, गावात म्हातारी माणसं आणि लेकरं.

शेवटच्या वर्षाच्या डिस्प्लेसाठी मी हेच घेतलंय. आतापर्यंत बंद दारं, कुलुपं, बसस्टँडवर बोचकी घेऊन बसलेली माणसं असं बरंच रंगवलं. आमचे एक सर बघून म्हणाले, रंग चांगले लागलेत पण हे बाहेरच्या माणसाने लांबून बघितल्यासारखं वाटतंय. मला ते फार लागलं कारण मी तर तिथलीच आहे ना. तेव्हापासून वाटायलंय की मला या लोकांना नीट विचारायला शिकलं पाहिजे, नुसतं बघून भागत नाही. मग मानववंशशास्त्राचं थोडं वाचलं आणि हेच पाहिजे असं झालं.

तर असं दोन्ही सोबत करणारं कुणी आहे का की नुसतं बोलायला बरं वाटतं, कुणाचं काम बघू, कुठं शिकू, आणि घरचे म्हणायलेत की दोन दगडांवर पाय ठेवू नको, त्यांना काय सांगू. कुणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

---

गोदातीर (नांदेड)

ताई, हो, दोन्ही सोबत करणारी माणसं आहेत आणि ती हौस म्हणून करत नाहीत, त्यांना त्याशिवाय विषयच हाताला लागत नाही म्हणून करतात. मी मानववंशशास्त्रात एमए केलंय, आता एका संस्थेत आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

जेसन डी लिऑन हे नाव शोधा. अमेरिकेतला मानववंशशास्त्रज्ञ, मूळ शिक्षण पुरातत्त्वाचं. २००९ पासून त्याने ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात काम केलं, मेक्सिकोकडून लपतछपत येणारी माणसं जिथून चालत येतात तिथं. पुरातत्त्ववाले खापरांच्या नोंदी करतात तशा याने त्या माणसांनी वाटेत टाकलेल्या पाठपिशव्या, बूट, पाण्याच्या बाटल्या गोळा करून एकेकाची नोंद केली. त्यातली बाटली माझ्या डोक्यातून जात नाही. पांढरं प्लास्टिक उन्हात चमकतं, गस्तवाल्याला लांबून दिसतं, म्हणून लोक बाटल्या काळ्या करून न्यायचे आणि मग मेक्सिकोत कारखान्यातूनच काळ्या बाटल्या बाजारात यायला लागल्या. म्हणजे भीतीचासुद्धा धंदा उभा राहिला. त्या पाठपिशव्या २०१३ ला मिशिगन विद्यापीठात भिंतभर मांडल्या होत्या.

त्याचंच दुसरं काम म्हणजे ‘होस्टाइल टेरेन ९४’. १९९४ साली अमेरिकेने शहरांजवळची हद्द कडक केली, हिशोब असा की माणसं आपोआप वाळवंटाकडं वळतील आणि वाळवंटच त्यांना अडवेल. माणसं थांबली नाहीत, मरायला लागली. तर शवागारात पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधतात ना, तसल्या बत्तीसशेहून जास्त चिठ्ठ्या, ओळख पटलेल्याची फिकट पिवळी आणि न पटलेल्याची नारिंगी, भिंतीवरच्या मोठ्या नकाशात जिथं देह सापडला त्याच जागी टाचायच्या. आणि चिठ्ठ्या छापायच्या नाहीत, त्या त्या गावातल्या लोकांनी बसून हाताने लिहायच्या, नाव, वय, कशाने गेला, कुठं सापडला. आता हे संशोधन म्हणायचं का कला म्हणायची, मला विचाराल तर लिहिणाऱ्याच्या हाताला दोन्हीतला फरक कळत नसणार.

तुमच्या सरांच्या बोलण्यावर थोडं. लांबून बघितल्यासारखं वाटतं म्हणजे तुम्ही परक्या आहात असा अर्थ नाही, तुम्ही चित्र शेवटी आणलंय. आधी बघितलं, मनात ठेवलं, मग कॉलेजात येऊन रंगवलं. चित्र आधी आणा, विचारण्यासाठीच वापरा. आम्ही कंधार-मुखेड भागातल्या एका तांड्यावर ऊसतोडीला जाणाऱ्यांशी बोलायला गेलो होतो, प्रश्नावली काढली की सगळे एकसारखी उत्तरं द्यायचे, ‘पोटासाठी जातो साहेब’. मग सोबतच्या एकीने चार्टपेपर आणि खडू खाली टाकले आणि म्हणाली, घरापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता काढून दाखवा. गड्यांनी काढलं मजूर नेणाऱ्या मुकादमाचं घर, हायवे, पेट्रोल पंप, कारखान्याची चिमणी, काटा. बायांच्या कागदावर चिमणी जवळपास नव्हतीच. त्यांनी काढला हापसा किती लांब, अंघोळीला आडोसा कुठं केला, उधार देणारं दुकान, आणि एकीने नुसती एक बाभळ काढली, तिच्या फांदीला झोळी. त्या बाभळीवर पुढं तासभर बोलणं झालं, ते कुठल्या प्रश्नावलीत मावलं नसतं.

शिक्षणाचं म्हणाल तर पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानववंशशास्त्राचा विभाग आहे. पण तुमच्यासाठी मला हैदराबाद विद्यापीठ जास्त सोयीचं वाटतं, एकाच कॅम्पसवर मानववंशशास्त्र आणि सरोजिनी नायडू स्कूलमध्ये फाइन आर्ट्स, आणि तुमची माणसं पण त्याच शहरात बांधकामावर. म्हणजे फील्ड बसच्या तिकिटावर. प्रवेश सीयूईटी पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो. पैशाची किंवा घर सोडायची अडचण असेल तर इग्नूचं एमए मानववंशशास्त्र घरून करता येतं.

अजून एक, हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात इकडं अडकला, जर्मन पासपोर्ट म्हणून इंग्रजांनी त्याला शत्रू ठरवून हैदराबाद संस्थानाबाहेर जायला बंदी केली. मग त्याने संस्थानातच काम केलं, आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये, आणि पुढं निजाम सरकारचा सल्लागार झाला. आपलं किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. त्याने काढलेले फोटो आणि फिल्म आज लंडनला आहेत. मालिनोव्स्कीचं पण तेच, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचा प्रजाजन म्हणून ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या मुलखात अडकला आणि ट्रोब्रियांड बेटांवर राहिला, तिथून लोकांत राहून अभ्यास करायची ही फील्डवर्कची पद्धत रूढ झाली. सीमेत अडकलेल्या माणसांचा या शास्त्राला मोठा हात लागलाय, तेव्हा तुमचा विषय या शास्त्रात उपरा नाही.

---

कॅनव्हासवाला (लातूर)

वरचं सगळं पटलं पण मी चित्रकलेच्या बाजूने बोलतो, शाळेत कलाशिक्षक आहे आणि पोरांचे डिस्प्ले बघत आलोय. अभ्यासाच्या नादात चित्र नुसता तक्ता होऊन बसतं हा धोका खरा आहे. माहिती भरपूर आणि बघणारा दोन मिनिटांत पुढं.

जेकब लॉरेन्स बघ. अमेरिकेच्या दक्षिणेतून लाखो काळी माणसं उत्तरेच्या शहरांत गेली त्यावर त्याने १९४०-४१ मध्ये ६० चित्रं केली, वय २३. त्याचे स्वतःचे आईबाप त्याच लोंढ्यातून आलेले, म्हणजे तुझ्यासारखाच आतला माणूस. तरी त्याने ‘मला माहितीये’ असं धरलं नाही, हार्लेमच्या १३५व्या रस्त्यावरच्या लायब्ररीत कित्येक महिने वाचत बसला. आधी साठच्या साठ चित्रांखालच्या ओळी लिहिल्या, साध्या, वर्तमानपत्रातल्यासारख्या. मग सगळे फलक एकदम मांडून एकेक रंग सगळ्यांवर फिरवला, एक रंग झाला की दुसरा, म्हणून साठ चित्रं एकाच श्वासात बोलल्यासारखी वाटतात. आज त्यातली सम आकड्यांची न्यूयॉर्कच्या मोमा या म्युझियममध्ये आणि विषम वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आहेत. नेटवर सगळी दिसतात, खालच्या ओळींसकट बघ. चेहरे जवळजवळ नाहीतच, बाक, जिने, खिडक्या, रांगा, आणि माणसं कुठल्या बाजूला झुकलीत तेवढं.

आणि आपल्याकडचा चित्तप्रसाद. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडून काळ्या शाईची रेखाटनं केली, चित्रातल्या माणसाचं नाव गाव परिस्थिती सोबत लिहिली. त्याची पुस्तिका छापली तर इंग्रजांनी पाच हजार प्रती जप्त करून टाकल्या. रेखाटन किती धारदार पुरावा असू शकतं ते यावरून कळावं.

तिसरी झरीना हाश्मी, अलीगढची, जन्म १९३७. तिचं फाळणीच्या रेषेवरचं २००१ चं काष्ठछापाचं काम आहे. लाकडात तिने रेघ कोरली नाही, रेघ ठेवून आजूबाजूचं सगळं लाकूड कोरून काढलं, म्हणून छापल्यावर उरते ती फक्त एक काळी वेडीवाकडी रेघ. तू पेंटिंगची आहेस म्हणून कॅनव्हासलाच चिकटून बसू नको, लाकूड किंवा लिनो हातात घेऊन बघ. देगलूर तालुक्याची हद्द तू स्वतःच्या हाताने कोरलीस तर कुठं ओढा, कुठं पाणंद, कुठं कुणाचं वावर मधोमध कापलं गेलंय हे बोटांना कळेल.

कुलुपं मात्र आता पुरे कर असं मला वाटतं. बंद दार आणि कुलूप हे स्थलांतर म्हटलं की प्रत्येकाला सुचतं.

---

कोयत्याचं_पोरगं (धारूर)

ताई राग मानू नका, पण मला जरा वेगळं बोलायचंय. आमचे आईबाप ऊसतोडीला जायचे, मी लहानपणी कोपीत राहिलोय, पाचटावर झोपलोय, रात्री दोनला गाडी भरायला आई उठायची ते बघितलंय. म्हणून आमच्यावर चित्रं काढणारे, फिल्म काढणारे आले की माझ्या पोटात गोळा येतो.

२०१९ ला बीडच्या बायांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनची बातमी झाली. दिल्ली मुंबईहून कॅमेरे आले. सरकारने नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडा छापून आला हे चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या शेजारच्या काकूंचा फोटो कुठं कुठं छापला ते त्यांना अजून माहिती नाही. त्यांना वाटलं सरकारची माणसं आहेत, काहीतरी मिळंल, म्हणून उभ्या राहिल्या.

८ मे २०२० चं करमाडचं तर सगळ्यांना आठवत असंल. जालन्याच्या कारखान्यातली मध्य प्रदेशची पोरं, लॉकडाऊन, भुसावळला गाडी मिळंल म्हणून रुळाने चालत निघाली, दमून रुळावरच झोपली आणि पहाटे मालगाडी गेली, १६ जण. रुळावर सांडलेल्या भाकरींचा फोटो देशभर फिरला, त्यावर कितीतरी जणांनी चित्रं केली. त्या १६ मधल्या एकाचं तरी नाव ती चित्रं बघणाऱ्याला सांगता येतं का? वर त्या चिठ्ठ्यांचं वाचलं तेव्हा मला हेच आलं मनात, तिथं निदान नाव लिहायला लागतं हाताने.

मग काय काढायचं म्हणाल तर मुकादमाची वही काढा. मी ती जवळून बघितलीय, लाल कापडी पुठ्ठ्याची, तेलकट झालेली. एका पानावर एक कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक. वर बापाचं नाव, खाली उचल म्हणजे आगाऊ पैसे किती घेतले, मग मधी दवाखान्याला दिले, किराण्याला दिले, मग खाडे. आजारी पडून तोडीला नाही गेलं की खाडा, त्याचे पैसे उलटे लागतात. शेवटी फिटली का नाही ते, नसंल फिटली तर बाकी पुढच्या सालावर. आणि अंगठा. आमच्या आईने इतकी वर्षं ऊस तोडला, मोळ्या डोक्यावर वाहिल्या, पण त्या वहीत तिचं नाव कुठंच नाही. बापाच्या नावापुढं ‘१ कोयता’ लिहिलं की ती त्यात आली.

तुम्हाला सीमा दाखवायची ना, मग ही पण सीमाच हाये बघा. आमचे लोक सांगली कोल्हापूर सोडून बेळगाव बागलकोटपर्यंत जातात, कर्नाटकची हद्द ओलांडतात, ती हद्द ट्रकमधी झोपेत जाते, कुणाला पत्ता पण लागत नाही. पण वहीतली रेघ ओलांडता येत नाही.

---

जुनी_बार्शी_लाइन (कळंब)

पोरी, तुझा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी निवृत्त शिक्षक, इतिहास शिकवायचो. तू सीमा म्हणतेस ती तेलंगणाची, पण आपला अख्खा मराठवाडाच एका जुन्या सीमेच्या आत वाढलाय हे तुझ्या वयाच्या मुलांना कुणी सांगत नाही.

आमच्या कळंबहून बार्शी किती जवळ, पण १९४७ पर्यंत बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि आम्ही १९४८ पर्यंत निजामाच्या. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाचं जकात खातं. इकडं हाली रुपया, तिकडं कलदार, आणि कलदार जड. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ ला लातूरपर्यंत आली ती ही हद्द ओलांडूनच. आमच्या घरातली म्हातारी माणसं ‘मोगलाईत’ आणि ‘इंग्रजीत’ असंच म्हणायची. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने गावंच्या गावं उठून बार्शी, सोलापूर, नगर, पंढरपूरकडं गेली, हद्दीलगत मुक्तिसंग्रामाचे कॅम्प होते. हे आपण १७ सप्टेंबरला सांगतो. पण त्याच सप्टेंबरात पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजेने संस्थान ताब्यात घेतल्यावर, मुसलमान घरांवर जे गुदरलं, लोक गावं सोडून गेले, ते आपण सांगत नाही. सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसली असं नोंदवलंय. तू स्थलांतर विचारायला निघालीस तर दोन्ही घरी जा. एकाच घरी गेलीस तर तुझं काम अर्धं राहील, चित्र कितीही सुंदर असो.

आता तुझ्या आईच्या माहेराचं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं, तसंच मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळं वगळून. कायद्यात तसं शब्दशः लिहिलेलं आहे, काढून वाच. म्हणजे तुझी आजी मुळात देगलूर तालुक्यातलीच. ती कुठं गेली नाही, हद्द सरकली. उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदर जिल्ह्यातून इकडं आले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडं गेले, तिथली मराठी घरं तिथंच राहिली. माणूस जागेवर आणि राज्य बदललं, याला पण स्थलांतरच धर असं माझं म्हणणं आहे. तू तुझ्या विषयात ते घातलंस तर ते काम मराठवाड्याचं होईल.

आणि तांड्याचा उल्लेख वर आला म्हणून सांगतो. बंजारा समाज बघ. पूर्वी बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरणारा, लदेणी त्यांची. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा फिरत्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली, तो कायदा १९५२ ला गेला. आज हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत. बोली तीच, कुळं तीच, सोयरीक हद्दीपलीकडं होते. देगलूरची मुलगी पलीकडं दिली तर तिच्या लेकराचा दाखला वेगळा. निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटवरून आरक्षणाची जी आंदोलनं झाली ती याच मुळाशी जातात. मानववंशशास्त्र शिकायला याहून चांगलं दार मला तरी दिसत नाही, आणि आपल्या दारातच आहे.

पाण्याचं पण. धर्माबादचा बाभळी बंधारा, गोदावरीवर, पलीकडच्या राज्याशी वाद झालेला. सुप्रीम कोर्टाने २०१३ ला निकाल दिला, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची. म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा अडवायची नाही. तिथं एकदा दारं पडताना जाऊन उभी राहा, वही घेऊन.

---

लेंडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं दोन-दोनदा वाचलं. सर, तुमचं वाचून आईला फोन केला, तिला बिचकुंदा देगलूर तालुक्यात होतं हे माहितीच नव्हतं पण आजीला माहिती होतं, म्हणाली ‘आमची कचेरी देगलूरलाच होती की’. मी आजीला कधी विचारलंच नव्हतं.

कोयत्याचं पोरगं दादा, राग कसला, तुमचं वाचून मी बसस्टँडवरची दोन चित्रं डिस्प्लेमधून काढली. त्या माणसांना मी विचारलं नव्हतं.

एक कल्पना आलीय, सांगा कशी वाटते. फ्रान्सिस आलिस नावाच्या कलाकाराने २००४ ला जेरुसलेममध्ये गळक्या डब्यातून हिरवा रंग सांडत १९४९ च्या युद्धबंदीच्या रेषेवरून चालत काम केलं होतं, ५८ लिटर रंग, २४ किलोमीटर. तसं मी आमच्या गावापासून मामाच्या गावापर्यंत हद्दीवरून रांगोळीची रेघ ओढत गेले आणि व्हिडिओ केला तर?

---

कॅनव्हासवाला

आलिसचं काम भारीच आहे पण तिथं प्रत्येक पावलाला बंदूकवाला शिपाई उभा होता, रेघ कुठून जाते यावर लोक मरतात. नंतर त्याने त्या चालण्याची फिल्म वेगवेगळ्या लोकांना दाखवून त्यांचं बोलणं त्यावर चढवलं, ते ऐकल्याशिवाय नुसती रेघ अपुरी आहे. तुमच्या हद्दीवर शिपाई नाही, शेळ्या चरतात. तिथं रेघ ओढलीस तर जी रेघ लोक रोज मोडतात ती तू परत पक्की करशील. मला नाही पटत.

---

जुनी_बार्शी_लाइन

मला पटतं, पण वेगळ्या तऱ्हेने. पोरीने एकटीने ओढू नये. दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन जावं आणि त्यांना विचारावं, हद्द कुठंय दाखवा. दोघं दोन ठिकाणी दाखवतील आणि भांडतील. ते भांडण लिहून घे.

---

गोदातीर

सरांचं म्हणणं म्हणजे पक्कं फील्डवर्क आहे, तेच करा. आणि आजीपासून सुरुवात करा, घरातलं माणूस म्हणून सोपं वाटेल पण घरातल्यालाच विचारणं अवघड असतं. रेकॉर्डिंग लावायच्या आधी कशासाठी आहे ते तिच्या भाषेत सांगा, पूर्ण झालं की तिला ऐकवा, ती म्हणाली हे काढ तर काढायचं. चित्रातल्या माणसांना पण तसंच, कुठं टांगणार, विकलं गेलं तर काय, नाव लिहायचं का नाही, हे आधी बोलायचं. नाव लिही म्हणणारे पण पुष्कळ भेटतात. पहिला डिस्प्ले गावात लावा, मारुतीच्या पारावर किंवा शाळेच्या व्हरांड्यात, मग संभाजीनगरला. गावातली माणसं बघून ‘हे असं नसतं’ म्हणाली की तिथंच पेन्सिलने चित्राच्या कडेला लिहून घ्या आणि तसंच ते कॉलेजात टांगा.

घरच्यांसाठी, नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी आहे, अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया आहे, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, म्युझियम आहेत, आमच्यासारख्या संस्था आहेत. पगार पहिल्या दिवशी मोठा नसतो हे पण सांगा, लपवू नका. सीयूईटी पीजीचा फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतो, परीक्षा मार्चच्या सुमारास.

---

कोयत्याचं_पोरगं

ताई, आमच्याकडं दिवाळीनंतर गाड्या भरायला लागल्या की या. मी मुकादमाशी बोलून ठेवतो, वहीचं पान दाखवंल का नाही सांगता येत नाही पण आई नक्की बोलंल. तिला विचारलं, म्हणली येऊ दे, पण माझं नाव मोठं लिही म्हणावं.